मोठ्या दहशतवादी हल्ल्यानंतर सरकारने कुठे घाई करावी आणि कुठे थांबावे

एखाद्या देशावर मोठा दहशतवादी हल्ला झाला, तर त्याच्या सरकारने पहिल्या तासापासून पुढच्या काही वर्षांपर्यंत नेमके काय करावे, असा प्रश्न आहे. आणि त्याला जोडून असेही विचारले आहे की तत्काळ कठोर प्रत्युत्तर योग्य की संयम योग्य. अंतर्गत सुरक्षा आणि आपत्कालीन व्यवस्थापन या क्षेत्रांत माझी जवळपास तीस वर्षे गेली. आधी नियंत्रण कक्षात काम केले, पुढे सराव आखले आणि शेवटची बरीच वर्षे अधिकाऱ्यांना शिकवले. त्या अनुभवावरून 'कठोर की संयमी' ही मांडणीच मला अपुरी वाटते. हल्ल्यानंतर सरकारपुढे एकाच वेळी अनेक कामे येऊन पडतात आणि प्रत्येक कामाचा वेग निराळा असतो. जखमींना उचलण्याचे काम मिनिटांचे असते, खरी माहिती देण्याचे तासांचे, गुन्हा न्यायालयात सिद्ध करण्याचे महिन्यांचे. आणि कायदा बदलणे किंवा दुसऱ्या देशाच्या भूमीवर शस्त्र चालवणे हे निर्णय तर त्याहूनही सावकाश घ्यायचे असतात. जीव वाचवताना घाई हवी आणि अधिकार वाढवून घेताना सबुरी हवी, एवढेच माझे म्हणणे आहे. प्रत्यक्षात सरकारांच्या हातून पुष्कळदा याच्या नेमके उलट घडते: रुग्णवाहिका उशिरा पोहोचते आणि नवा कायदा आठवडाभरात तयार होतो.

असे का घडते हे समजायचे असेल, तर हल्ला कोणासाठी केलेला असतो ते आधी पाहावे लागते. दहशतवादी गटाकडे देश जिंकण्याचे बळ नसते. तो काही माणसे मारतो ती उरलेल्यांनी पाहावे म्हणून, आणि मुख्यतः सरकारने पाहावे म्हणून. घाबरून किंवा संतापून सरकारने असे काही करावे की ज्यामुळे गटाला आजवर न मिळालेले अनुयायी, पैसा आणि महत्त्व मिळेल, ही त्याची अपेक्षा असते. म्हणजे हल्ल्याचा पहिला भाग हल्लेखोराने घडवलेला असतो आणि दुसरा भाग कसा घडेल हे सरकारच्या हाती असते.

पहिल्या तासापासून सुरुवात करतो, कारण तिथे झालेली चूक पुढे कशानेही भरून निघत नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे २२ मे २०१७ रोजी रात्री संगीताचा कार्यक्रम संपत असताना आत्मघाती स्फोट झाला आणि २२ जणांचा मृत्यू झाला. स्फोटाची जागा अग्निशमन केंद्रापासून जवळ होती, तरीही अग्निशमन दलाच्या गाड्या तिथे पोहोचल्या त्या दोन तासांहून अधिक वेळाने. आणखी हल्लेखोर असतील या शंकेने पथकांना आधी दूरच्या केंद्रावर जमवण्यात आले. पोलीस, रुग्णवाहिका सेवा आणि अग्निशमन दल यांचे प्रमुख एका ठिकाणी उभे राहून बोललेच नाहीत, आणि जखमी पडलेल्या दालनात पहिल्या चाळीस मिनिटांत एकच वैद्यकीय कर्मचारी पोहोचला. पुढे झालेल्या सार्वजनिक चौकशीत असा निष्कर्ष निघाला की उपचार वेळेवर मिळाले असते, तर मृतांपैकी एक जण बहुधा वाचला असता. त्या रात्री कोणी भित्रेपणा केला असे मी म्हणणार नाही. प्रत्येक यंत्रणा आपापल्या नियमपुस्तिकेप्रमाणेच वागत होती. मात्र जागा पुरेशी सुरक्षित आहे, आत जा, हे सांगण्याचा अधिकार नक्की कोणाचा, हे त्या पुस्तिकांनी एकमेकींना विचारून ठरवलेले नव्हते.

म्हणून घटनास्थळी एकच प्रमुख असावा, त्याचे नाव पहिल्या पंधरा मिनिटांत सर्व यंत्रणांना कळलेले असावे, आणि थोडा धोका पत्करून पथके आत पाठवण्याचा अधिकार त्याला लेखी दिलेला असावा. मंत्र्यांनी त्या वेळी घटनास्थळापासून दूर राहावे, हे मी अत्यंत आग्रहाने सांगतो. त्यांच्यामागून येणारा सुरक्षा ताफा रस्ता अडवतो आणि ज्या अधिकाऱ्याने जखमींकडे पाहायचे तो साहेबांना माहिती देत उभा राहतो.

सरावाचे मोल किती असते हे पॅरिसमध्ये दिसले. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी तिथे अनेक ठिकाणी एकाच वेळी हल्ले होऊन १३० लोक मारले गेले. योगायोगाने त्याच दिवशी सकाळी तिथल्या आपत्कालीन वैद्यकीय सेवेने अनेक जागी होणाऱ्या गोळीबाराचाच सराव केला होता. रात्री तीच माणसे त्याच पद्धतीने कामाला लागली. बोस्टनमध्ये एप्रिल २०१३ मध्ये मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळ स्फोट झाले, तेव्हा तीन जण मृत्युमुखी पडले आणि अडीचशेहून अधिक जखमी झाले. परंतु रुग्णालयापर्यंत पोहोचलेला प्रत्येक जखमी वाचला. रुग्णवाहिकांनी सगळ्यांना जवळच्या एकाच रुग्णालयात न नेता शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत वाटून नेले होते, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण.

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण नॉर्वेचे आहे, आणि मी ते प्रत्येक वर्गात सांगत आलो. २२ जुलै २०११ रोजी ऑस्लोत सरकारी इमारतींजवळ बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर सुमारे दहा मिनिटांतच एका नागरिकाने फोन करून संशयिताचे वर्णन आणि त्याच्या गाडीचा क्रमांक पोलिसांना सांगितला. तो एका चिठ्ठीवर टिपला गेला आणि ती चिठ्ठी टेबलावर पडून राहिली. गोंधळात तिच्याकडे वेळेवर कोणी पाहिले नाही. तोच माणूस त्या वेळात उतोया बेटाकडे निघाला होता, आणि तिथे त्याने ६९ जणांना ठार केले. ऑस्लोतील आठ धरून त्या दिवशी ७७ माणसे गेली. नियंत्रण कक्षात फोन घेणारा, माहितीची छाननी करणारा आणि आदेश देणारा अशी तीन वेगळी माणसे असावीत, ही मागणी आम्ही अंदाजपत्रकात करायचो तेव्हा ती हमखास कापली जायची. त्या चिठ्ठीची हकिकत सांगितल्यावर मात्र समोरचा अधिकारी काही क्षण गप्प बसायचा.

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा हल्लेखोरांनी चढवलेला हल्ला २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालला आणि त्यात १६६ लोक मारले गेले. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो तेव्हा दिल्लीजवळ मानेसरला होते. ते मुंबईत उतरून कामाला लागेपर्यंत दुसरी सकाळ उजाडली होती. पुढच्याच वर्षी या दलाची केंद्रे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबाद येथे उभारण्यात आली, आणि ते योग्यच झाले. तरीही कोणतेही विशेष दल घटनास्थळी पहिले पोहोचत नसते. पहिला पोहोचतो तो जवळच्या ठाण्यातला शिपाई, आणि त्याच्या हातात काय आहे, त्याला काय शिकवले आहे, यावर पहिला तास अवलंबून असतो. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी स्वतःचा जीव देऊन अजमल कसाबला जिवंत पकडू दिले; त्या एका कृतीमुळे कटाचा मोठा भाग पुराव्यानिशी जगापुढे आला. अशा शौर्याला नमन करावेच, पण शिपायाच्या शौर्यावर विसंबून राहण्याची वेळ येणे हे नियोजनातले न्यून आहे, हेही मान्य करावे लागते.

दूरचित्रवाणीचा प्रश्न याच पहिल्या तासांतला. मुंबईत कारवाईचे थेट प्रक्षेपण चालू होते आणि सीमेपलीकडून हल्लेखोरांना फोनवर सूचना देणारे सूत्रधार ते पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांच्या या वर्तनावर स्पष्ट शब्दांत ठपका ठेवला. म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी १९७२ मध्ये, म्हणजे मुंबईच्या हल्ल्याच्या छत्तीस वर्षे आधी, अपहरणकर्त्यांच्या खोलीतल्या दूरचित्रवाणी संचावर पोलिसांच्या हालचाली दिसल्या होत्या, तरी तो धडा विसरला गेला. भारतात २०१५ पासून नियम असा आहे की कारवाई चालू असताना थेट चित्रण दाखवता येत नाही आणि नेमलेला अधिकारी ठरावीक वेळाने माहिती देतो. हा नियम चांगला आहे. पण तो अधिकारी खरोखर ठरावीक वेळाने पुढे आला तरच तो टिकतो. तासन्तास कोणीच बोलले नाही, तर ती पोकळी अफवा भरून काढतात.

मग बोलायचे काय? माझे उत्तर साधे आहे: जे पक्के माहीत आहे ते सांगावे, जे माहीत नाही ते माहीत नाही असे म्हणावे, आणि पुढची माहिती किती वाजता देणार ते सांगून ती वेळ पाळावी. कोणी केले याबद्दलचा अंदाज सरकारच्या तोंडून निघता कामा नये. माद्रिदमध्ये ११ मार्च २००४ रोजी सकाळी उपनगरी गाड्यांत दहा बॉम्ब फुटले आणि १९० हून अधिक लोक गेले. तीन दिवसांवर सार्वत्रिक निवडणूक होती. स्पेनच्या सरकारने बास्क प्रांतातील फुटीरतावादी संघटना एटा हिच्याकडे बोट दाखवले आणि त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडून एटाचे नाव असलेला ठरावही संमत करून घेतला. तपास मात्र त्या संध्याकाळपासूनच वेगळ्या दिशेने, अल् कायदाच्या विचाराने प्रेरित झालेल्या गटाकडे, जात होता. सरकार निवडणूक हरले. पण याहून मोठे नुकसान असे झाले की हल्ला खरोखर कोणी केला यावर त्या देशात पुढे कित्येक वर्षे पक्षनिहाय दोन मते राहिली, आणि मृतांच्या नातेवाइकांच्या संघटनाही त्या भांडणात ओढल्या गेल्या.

चुकीची माहिती नेहमी राजकीय हेतूनेच दिली जाते असेही नाही. लंडनमध्ये २२ जुलै २००५ रोजी, फसलेल्या बॉम्बहल्ल्यांच्या दुसऱ्या दिवशी, पोलिसांनी भुयारी रेल्वेत एका निरपराध ब्राझिलियन तरुणाला संशयित समजून गोळ्या घातल्या. त्याने जाड कोट घातला होता, तो फाटक ओलांडून पळाला, असे सुरुवातीला सर्वत्र सांगितले गेले. त्यातले काहीच खरे निघाले नाही. चूक भयंकर होती, पण ती त्याच दिवशी कबूल केली असती तर लोकांचा विश्वास इतका ढळला नसता. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर आठवड्याभरात पर्यावरण खात्याच्या प्रमुखांनी हवा श्वास घेण्यास सुरक्षित असल्याचे जाहीर केले. पुरेशा तपासण्या झालेल्या नसताना ते विधान केले गेले होते, हे त्याच खात्याच्या अंतर्गत चौकशीत २००३ मध्ये निष्पन्न झाले. मधल्या काळात हजारो बचावकर्मी त्या धुळीत काम करत राहिले आणि पुढे त्यांच्यापैकी अनेकांना गंभीर आजार जडले. लोकांना धीर देण्याची इच्छा समजण्यासारखी आहे. खोटा धीर मात्र माणसे मारतो.

हल्लेखोर ज्या धर्माचे, भाषेचे किंवा प्रदेशाचे असल्याचे मानले जाते, त्या समाजाच्या वस्त्यांना आणि प्रार्थनास्थळांना त्याच रात्री संरक्षण द्यावे. हे मी सौजन्य म्हणून सांगत नाही, हा सुरक्षा योजनेचा भाग आहे. श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९ रोजी ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांवर हल्ले होऊन अडीचशेहून अधिक लोक गेले, आणि तीन आठवड्यांनी मुस्लिम वस्त्यांवर जमावाने हल्ले केले. अशा प्रत्येक जाळलेल्या दुकानामागे पुढच्या भरतीचे एक कारण तयार होते. शिवाय ज्या समाजातून तपासाला सर्वांत उपयोगी माहिती मिळू शकते, तो समाज तोंड मिटून बसतो. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींतील हत्याकांडानंतर, ज्यात ५१ जण मारले गेले, पहिल्या भाषणापासूनच मृतांना देशाचेच मानले, मारेकऱ्याचे नाव उच्चारणार नाही असे संसदेत जाहीर केले आणि देशभरच्या मशिदींना सशस्त्र पहारा दिला. भाषण आणि पहारा या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या, म्हणून त्या भाषणाला वजन आले.

आता तपासाकडे वळतो, कारण संतापाच्या दबावाखाली सर्वांत जास्त बिघडते ते इथेच. लोकांना आरोपी हवा असतो, वरिष्ठांना पत्रकार परिषद हवी असते आणि तपास अधिकाऱ्याला कबुलीजबाब हा सर्वांत जवळचा रस्ता दिसतो. बर्मिंगहॅममध्ये २१ नोव्हेंबर १९७४ रोजी दोन मद्यगृहांत स्फोट होऊन २१ जण गेले. सहा जणांना लगेच अटक झाली, कबुलीजबाब घेतले गेले, जन्मठेप झाली. सोळा वर्षांनी, १९९१ मध्ये, ती शिक्षा रद्द झाली, कारण कबुलीजबाब आणि प्रयोगशाळेचा पुरावा दोन्ही टिकले नाहीत. खरे गुन्हेगार कधीच शिक्षेपर्यंत पोहोचले नाहीत. मुंबईत ११ जुलै २००६ रोजी उपनगरी गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी मारले गेले. २०१५ मध्ये दोषी ठरवलेल्या बाराही जणांना उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष मुक्त केले. शासनाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आहे आणि त्याचा निर्णय व्हायचा आहे. पण एकोणीस वर्षांनीही मृतांच्या कुटुंबांना आपल्या माणसाला कोणी मारले याचे ठाम उत्तर नसणे, हे आमच्यासारख्या या क्षेत्रातल्या लोकांनी स्वतःच्या मनाला लावून घ्यायला हवे.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका स्फोटाच्या जागी मी पोहोचलो तेव्हा मान्यवरांच्या भेटीसाठी रस्ता पाण्याने धुऊन काढलेला होता. हेतू वाईट नव्हता. रक्त दिसू नये एवढेच कोणाच्या तरी मनात आले होते. पण त्या पाण्याबरोबर तारांचे तुकडे, धातूच्या चकत्या आणि स्फोटकाचे अवशेष वाहून गेले, आणि प्रयोगशाळेकडे पाठवायला आमच्याकडे फारसे काही उरले नाही. तेव्हापासून मी सांगत आलो आहे की शेवटचा जखमी हलवल्याच्या क्षणापासून ती जागा तपास अधिकाऱ्याची असते, आणि मुद्देमाल कोणी उचलला, कुठे ठेवला, कोणाच्या ताब्यात दिला याची नोंद जागेवरच झाली पाहिजे. वर्षांनंतर न्यायालयात प्रश्न येतो तो या नोंदींवर.

खटला चालवावा तो नेहमीच्या, उघड न्यायालयात. कसाबला वकील दिला गेला, साक्षी झाल्या, मे २०१० मध्ये तो दोषी ठरला आणि दोन टप्प्यांचे अपील झाल्यावर नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याला फाशी झाली. त्याच खटल्यात पुराव्याअभावी दोन सहआरोपी सुटले, आणि माझ्या मते त्या सुटकेनेच कसाबच्या शिक्षेला जगभर विश्वासार्हता मिळवून दिली. नॉर्वेने आपल्या मारेकऱ्याचा खटला तेरा महिन्यांत पूर्ण केला. याउलट, ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार म्हणून ओळखला जाणारा खालिद शेख मोहम्मद मार्च २००३ मध्ये पकडला गेला, पण आधी गुप्त कोठडीतला छळ आणि नंतर ग्वांतानामो या अमेरिकी लष्करी तुरुंगातले लष्करी आयोग, म्हणजे सैन्याची खास न्यायालये, या मार्गाने गेल्यामुळे दोन दशके उलटूनही त्याचा मुख्य खटला उभा राहिलेला नाही. ज्यांनी ही वाट धरली त्यांना ती जलद वाटली होती.

कायद्याबाबत माझे मत सर्वांत ठाम आहे. बर्मिंगहॅमच्या स्फोटानंतर आठ दिवसांत ब्रिटिश संसदेने दहशतवाद प्रतिबंधक कायदा संमत केला. नावातच तो 'तात्पुरता' होता. नूतनीकरण होत होत तो पंचवीस वर्षे टिकला आणि अखेर त्याची जागा कायमस्वरूपी कायद्याने घेतली. भारतातील टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९८५ मध्ये दोन वर्षांसाठी आला, दहा वर्षे राहिला, हजारो लोक त्याखाली तुरुंगात गेले आणि दोषसिद्धीचे प्रमाण अगदी नगण्य राहिले. उत्तर आयर्लंडमध्ये ऑगस्ट १९७१ मध्ये विनाखटला स्थानबद्धता सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी तीनशेहून अधिक लोक उचलले गेले. याद्या इतक्या जुन्या होत्या की शंभराहून अधिक जणांना दोन दिवसांत सोडावे लागले. पुढच्या महिन्यांत हिंसा कित्येक पटींनी वाढली. अमेरिकेच्या काँग्रेसने ११ सप्टेंबरनंतर तीन दिवसांत लष्करी बळाचा जो अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला, त्याच्या विरोधात एकच मत पडले. तो ठराव पुढे वीस वर्षांहून अधिक काळ, हल्ल्याच्या वेळी अस्तित्वातही नसलेल्या गटांविरुद्ध, वापरला गेला. रशियात सप्टेंबर २००४ मध्ये बेसलानच्या शाळेतील ओलीसनाट्यात तीनशेहून अधिक माणसे, बहुसंख्य मुले, गेली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत प्रांतांच्या गव्हर्नरांची थेट निवडणूक बंद करण्याची घोषणा झाली. शाळा वाचवण्याशी त्या निर्णयाचा काय संबंध होता, हे मला आजवर कळलेले नाही.

एखादा अधिकार खरोखरच तातडीने हवा असेल, तर तो सहा महिन्यांच्या मुदतीने घ्यावा, मुदत संपताच तो आपोआप लोपावा, आणि वाढवून हवा असल्यास सरकारने विधिमंडळापुढे त्याचा उपयोग किती वेळा व कोणावर झाला याची आकडेवारी मांडावी. ब्रिटनमध्ये दहशतवादविषयक कायद्यांचे स्वतंत्र परीक्षक असतात आणि त्यांचे अहवाल संसदेपुढे येतात. ही पद्धत इतरांनीही घ्यावी अशी आहे.

इथे माझ्या म्हणण्याला एक अपवाद मान्य करायला हवा. न्यूझीलंडने क्राइस्टचर्चनंतर महिन्याच्या आत, ११९ विरुद्ध १ मतांनी, अर्धस्वयंचलित लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी घातली. ती घाई मला समर्थनीय वाटते, कारण तिने एका साधनावर निर्बंध आणला. कोणा माणसाला पुराव्याविना डांबण्याचा अधिकार कोणाला दिला नाही. तरीही पुढे आलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालाने दाखवून दिले की मारेकऱ्याला परवाना देतानाच पोलिसांनी नीट पडताळणी केली नव्हती. असलेला नियम पाळला असता तर काय झाले असते, हा प्रश्न नव्या कायद्यानेही सुटत नाही.

कठोर प्रत्युत्तराच्या प्रश्नात सीमेबाहेरची कारवाईही येते, म्हणून तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो. हल्ला परदेशातून आखला गेला असेल आणि तो देश सूत्रधारांना आसरा देत असेल, तर स्वसंरक्षणाचा अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ५१ व्या कलमात आहे, आणि तो कधीच वापरू नये असे मी म्हणणार नाही. पण लक्ष्य निवडताना गुप्तवार्तेची जी शहानिशा लागते, ती संतापाच्या आठवड्यात होत नाही. ७ ऑगस्ट १९९८ रोजी नैरोबी आणि दार-एस-सलाम येथील अमेरिकी दूतावासांवर हल्ले होऊन २२४ जण मारले गेले. तेराव्या दिवशी अमेरिकेने क्षेपणास्त्रे डागली, आणि त्यांत सुदानमधला एक औषध कारखाना नष्ट झाला. तिथे रासायनिक अस्त्रांचे काम चालते हा दावा पुढे संशयास्पद ठरला. त्याच गुन्ह्याचा तपास सावकाशीने चालू होता, आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात चार आरोपींना जन्मठेप झाली. त्या शिक्षेबद्दल कोणीही शंका घेतली नाही. शस्त्र उचलण्याआधी मंत्रिमंडळापुढे तीन गोष्टी लेखी असाव्यात: पुरावा काय आहे, कारवाईने नेमके काय साध्य होणार आहे, आणि ती कुठे थांबवायची. तिसरे उत्तर नसेल तर पहिली दोन कितीही भक्कम असली तरी थांबावे.

झालेल्या चुकांची चौकशी स्वतंत्र माणसांकडून व्हावी आणि तिचा अहवाल, गोपनीय भाग वगळून, प्रसिद्ध व्हावा. नॉर्वेच्या आयोगाने वर्षभरात सरकारला सुनावले की ऑस्लोतल्या सरकारी इमारतींसमोरचा रस्ता वाहनांसाठी बंद करण्याचा निर्णय कित्येक वर्षे आधीच झाला होता, तो अंमलात आणला असता तर तिथला स्फोट टाळता आला असता. श्रीलंकेत हल्ल्याची पूर्वसूचना परदेशी गुप्तचरांनी दिली होती, पण राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांच्यातल्या वितुष्टामुळे पंतप्रधानांना देशाच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकांना बोलावलेच जात नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्षांना पीडितांसाठी दहा कोटी श्रीलंकी रुपये स्वतः भरण्याचा आदेश दिला. इतक्या वरच्या पदावरच्या व्यक्तीवर अशी वैयक्तिक जबाबदारी क्वचितच येते. अहवालातल्या शिफारशींचे पुढे काय झाले, हे दरवर्षी विधिमंडळात सांगण्याचे बंधन सरकारवर हवे, कारण दुसऱ्या वर्षापासून कोणी विचारत नाही.

शेवटी पीडितांबद्दल, ज्यांच्याविषयी पहिल्या आठवड्यात सगळे बोलतात. एका सरावात आम्ही चार रुग्णालयांकडून जखमींच्या याद्या मागवल्या. एकच व्यक्ती तीन याद्यांत तीन प्रकारे लिहिलेली निघाली आणि नातेवाइकाची भूमिका करणारी महिला पाच तास या दारातून त्या दारात फिरत राहिली. तो सराव होता तरी ती शेवटी खरोखर रडली. म्हणून एकच मध्यवर्ती यादी, एकच दूरध्वनी क्रमांक आणि प्रत्येक कुटुंबामागे एक नेमलेला अधिकारी, एवढे तरी पहिल्याच रात्री असायला हवे. भरपाईसाठी कुटुंबाला कार्यालयाचे उंबरे झिजवायला लावू नयेत. फ्रान्समध्ये १९८६ पासून मालमत्ता विम्यावरच्या छोट्या आकारणीतून भरणारा कायमस्वरूपी निधी आहे, त्यामुळे प्रत्येक हल्ल्यानंतर नव्याने घोषणा करावी लागत नाही.

आणि हे काम पहिल्या वर्षश्राद्धाला संपत नाही. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या जागी २,७५३ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे अकराशे जणांचे कोणतेही अवशेष अजून ओळखले गेलेले नाहीत. शहराच्या वैद्यकीय परीक्षकांची प्रयोगशाळा जपून ठेवलेल्या तुकड्यांवर सुधारलेल्या डीएनए तंत्राने आजही काम करते, आणि अधूनमधून एखादे नाव जुळते. मग एक अधिकारी फोन उचलतो आणि वीसहून अधिक वर्षे वाट पाहिलेल्या घरी कळवतो.